दुसऱ्याच्या बिल्ल्यावर

शहापूर
२९ जुलै २०२४

सरिता,

आशीर्वाद लिहायची आज इच्छा नाही, म्हणून लिहीत नाही. माझा फोन बंद आहे. तो बिघडलेला नाही, मी ठेवला आहे. फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणतेस आणि करायचं तेच करतेस. कागदावर तसं करता येत नाही.

शनिवारी मुरबाडला कॉलेजात गेलो होतो. तपासणी होईपर्यंत आला नाहीत तरी चालेल, असं प्राचार्य मला बोलले होते. माझा चष्मा कार्यशाळेत राहिला होता, तो आणायला गेलो. ऑफिसबाहेर तपासणी समितीसाठी यादी लावलेली. 'अभियांत्रिकी विभाग : अध्यापक व त्यांचा व्यावसायिक अनुभव.' पाच नावं. एकानं चार वर्षं पाण्याचे पंप विकले, त्याच्यापुढे 'द्रवयांत्रिकी क्षेत्र' लिहिलंय. दुसऱ्याच्या सासऱ्याचं गॅरेज आहे, तो 'वाहन उद्योग' झाला. तिसरा कशातच नव्हता, त्याला 'सल्लागार' केलं. इथवर मी हसत होतो.

चौथं नाव तुझं. 'सरिता हरड, एम. ई., कार्यशाळा निदेशक. वाशिंद येथील कारखान्यात टर्निंग विभागात पाच वर्षे, २०१६ ते २०२१. बिल्ला क्रमांक ४१७.'

पाचवं माझं. 'शेखर वेखंडे, कार्यशाळा मदतनीस. अनुभव : लागू नाही.'

बावीस वर्षं मी त्या कारखान्यात लेथवर उभा राहिलो. ४१७ माझा बिल्ला. जूनमध्ये तू घरी आलीस, तुमच्या फाइलीला लागतो म्हणून माझा अनुभवाचा दाखला घेऊन गेलीस. तुझ्या मामीनं तुला वर भाकरी बांधून दिली. त्या दाखल्यावरून तुझा दाखला टाइप झाला, नाव तेवढं बदललं. बिल्ल्याचा नंबर बदलायचं कुणाला सुचलं नाही. चोरी तरी नीट करावी.

आणखी एक. आमचा विभाग २०१८ ला बंद झाला. सगळ्या लेथ भंगारात गेल्या, मी स्वतः ट्रकवर चढवल्या. पुढची तीन वर्षं तू कशावर टर्निंग केलंस?

उत्तर लिही. कागदावर.

शेखर वेखंडे


मुरबाड
३ ऑगस्ट २०२४

मामा,

पत्र मिळालं. शिव्या नव्हत्या, एवढंच.

दाखला मी टाइप केला नाही. ऑफिसात झाला. माझ्यासमोर आणून ठेवला आणि मी सही केली. सहीची जबाबदारी माझी आहे, ती मी नाकारत नाही. पण तुम्हाला बाकीचं माहीत नाही, ते ऐका.

निदेशकाचं पद एकच मंजूर होणार आहे. अट अशी : पदवी आणि पाच वर्षं कारखान्यात, किंवा आयटीआय आणि वीस वर्षं कारखान्यात. तुम्ही अटीत बसता. मी प्राचार्यांना हेच म्हणाले. ते म्हणाले, "मॅडम, समिती पदवी बघते. आयटीआयवाल्याचं नाव वर टाकलं तर सगळा विभाग खाली दिसतो." संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या साईनाथ आहे, त्याला हे पद हवंय. तुमचं नाव पाठवलं असतं तर समितीपर्यंत पोचलंच नसतं. माझं पोचलं. मी निदेशक झाले तर कार्यशाळा तुमच्याच हातात राहील. सही माझी, शिकवणं तुमचं. निदान घरात राहील.

सहा वर्षं तुम्ही तिथे ऑर्डरशिवाय शिकवताय. तुम्हाला कुणी कधी पत्र दिलं? मी काय काढून घेतलं तुमच्याकडून? नव्हतं ते घेतलं.

माझ्याकडे डिग्री आहे आणि अनुभव नाही. अनुभव द्या म्हणून मी बारा कारखान्यांत अर्ज केले. वाशिंदलाही केला. शॉपफ्लोअरवर मुलगी नको म्हणाले. हे तुम्हाला माहीत आहे. अर्ज तुमच्याच ओट्यावर बसून लिहिला होता.

सरिता


शहापूर
९ ऑगस्ट २०२४

सरिता,

'निदान घरात राहील.' हे वाक्य मी चारदा वाचलं. जमिनीबद्दल तुझे आजोबा असंच बोलायचे, आणि प्रत्येक वेळी बहिणींचा वाटा जायचा.

नव्हतं ते घेतलं म्हणतेस. सहा वर्षांपूर्वी कार्यशाळेच्या दारातून तू मला पहिल्यांदा हाक मारलीस, आठवतं? चाळीस पोरांसमोर. "मामा, ही बॅच घ्या." त्या दिवसापासून सगळे मला मामा म्हणतात. मला बरं वाटलं. घरचं वाटलं. कॉलेजात आणखी कोणाला मामा म्हणतात, ते मला वर्षभरानं कळलं. घंटा वाजवतो तो मामा. पाण्याची टाकी भरतो तो मामा. पंपवाल्याला पोरं 'सर' म्हणतात. तीच पोरं मला म्हणाली, "मामा, जरा खिडकी लावा ना." मी लावली. यादीत आज मदतनीस लिहिलंय ते प्राचार्यांनी नाही लिहिलं. ते तू त्या दिवशी दारात लिहिलंस.

तुझा वाईट हेतू नव्हता. मी तसं म्हणत नाही. पण एकदा तरी 'वेखंडे सर' म्हणायचं होतंस. घरी मामा म्हण, हजारदा म्हण.

मुलगी नको म्हणाले, ते खरं. त्याची चीड मलाही आली होती. मी तेव्हाच्या मॅनेजरशी भांडलो होतो, तुला सांगितलं नाही. पण त्यांनी तुला दिलं नाही म्हणून तू माझं घेशील, हे कुठलं गणित?

तपासणी २१ तारखेला आहे. त्याआधी तो कागद फाइलीतून काढ. काढला नाहीस तर मी त्या दिवशी येईन. मदतनीसच आहे ना, हत्यारं द्यायला उभा राहीन.

शेखर


मुरबाड
१३ सप्टेंबर २०२४

श्री. शेखर वेखंडे यांस,

तुम्ही आलात. इस्त्रीचा शर्ट घालून आलात. मी कागद काढला नव्हता, आणि समितीसमोर तुम्ही तोंड उघडाल असंच मी धरून चालले होते. तुम्ही बोलला नाहीत. ते जास्त वाईट केलंत.

समितीतले ते टक्कल असलेले गृहस्थ दाखला वाचून मला म्हणाले, "टर्निंगला होता ना मॅडम? मग आटे पाडून दाखवा." तुम्ही मला टूल दिलंत, सळई दिलीत. पहिला कट बरा गेला. दुसऱ्या कटाला टूल मागे आणलं आणि टूल पुढे चालवणारा दांडा खाली ओढायला मी हात लावला. तेव्हा तुम्ही माझ्या डाव्या बाजूला हातभर अंतरावर होतात. खुणेची तबकडी तुम्हाला दिसत होती. चुकीच्या खुणेवर दांडा ओढला की दुसरा कट पहिल्याच्या आड जातो आणि आटे मरतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. तुम्ही तबकडीकडे पाहिलंत. मग माझ्या हाताकडे पाहिलंत. आणि मग खिडकीबाहेर पाहिलंत.

मी ओढला.

ते गृहस्थ सळई उचलून नखानं तपासत म्हणाले, "पाच वर्षं?" मागे पोरं हसली. तुम्ही हसला नाहीत, ते मी पाहिलं.

त्यांनी आठ दिवसांत कारखान्याच्या नोंदवहीचा उतारा मागितला, बिल्ला ४१७ चा. प्राचार्य मला म्हणाले, "जा, कसंही करून घेऊन या." म्हणून मी वाशिंदला गेले. टर्निंग विभाग नाही, पण ऑफिस अजून आहे. तिथे अनंता फर्डे नावाचे जुने कारकून आहेत. त्यांना बिल्ल्याचा नंबर सांगितला तर ते हसायलाच लागले.

"लई नशीबवान बिल्ला हाय हा. तुमी तिसऱ्या."

"तिसऱ्या म्हणजे?"

"बगा ना तुमीच. मी कशाला तोंड घालू?"

वही उघडून माझ्यासमोर ठेवली आणि चहा प्यायला गेले.

बिल्ला ४१७. भरती ४ मार्च १९९६. नाव : धाऊ जैतू शिद, राहणार सिद्धगडाच्या पायथ्याची वाडी. २००२ च्या जुलैत हे नाव आडव्या रेघेनं खोडलंय. वर दुसऱ्या शाईत : शेखर वेखंडे. भरतीची तारीख तशीच ठेवली आहे.

तुमच्या बावीस वर्षांतली पहिली सहा वर्षं तुमची नाहीत. उरली सोळा. अट वीसची आहे. तुम्ही अटीत कधी बसतच नव्हता.

चोरी नीट करावी म्हणालात. तुमची नीट झाली होती.

हा धाऊ कोण? तो जिवंत आहे का? त्याला माहीत आहे का, की त्याच्या नावावर तुम्ही सहा वर्षं मला प्रामाणिकपणा शिकवलात?

मी उतारा अजून समितीला दिलेला नाही. मुदत संपली, ती प्राचार्यांनी वाढवून घेतली. महिनाअखेरपर्यंत वाट बघते. तुम्ही मला मुदत दिली होती तशी.

सरिता हरड


शहापूर
२७ सप्टेंबर २०२४

सरिता,

तुझं पत्र आलं त्या दिवशी उत्तर लिहायला बसलो होतो. तीन पानं लिहिली, सगळी तुला शिव्या होत्या. फाडली. मग सिद्धगडाकडे जाऊन आलो. आता लिहितो.

धाऊ कायम कामगार होता. मी बदली. बदली म्हणजे कायम माणूस आला नाही तर त्याच्या बिल्ल्यावर आत जायचं, त्याच्या नावानं हजेरी लावायची, त्याच्या मशीनवर काम करायचं. धाऊ लावणीला घरी जायचा, कापणीला जायचा, मोहाच्या दिवसांत जायचा. वर्षातले पाच महिने ४१७ वर मीच असायचो. मुकादम मला धाऊ म्हणून हाक मारायचा, मी 'ओ' द्यायचो. सहा वर्षं असं चाललं. माझं स्वतःचं नाव त्या कारखान्यात कुणाला माहीत नव्हतं.

आटे मला धाऊनं शिकवले. हे तुला कधी सांगितलं नाही. तो लिहायला शिकला नव्हता. तबकडी वाचायचा नाही, मशीनच्या आवाजावरून दांडा ओढायचा. त्याचा एक कट चुकलेला मी पाहिला नाही.

२००२ च्या जुलैत नवा साहेब आला. खोटे कामगार काढायचे म्हणून तो स्वतः हजेरी घ्यायला उभा राहिला. धाऊ लावणीला गेलेला. साहेबानं पुकारलं, "चारशे सतरा." मी म्हणालो, "हजर." नाव विचारलं. मुकादम माझ्याकडे बघत होता. त्यालाही वाटलं, धाऊ म्हणेन. मी शेखर वेखंडे म्हणालो. साहेबानं वहीत बघितलं, वेगळंच नाव. म्हणाला, "हे कोण?" मी म्हणालो, "जुनी चूक आहे साहेब, कारकुनाची."

कारकुनाची म्हणजे फर्डेची. तो तिथेच उभा होता. त्यानं नाव खोडलं.

आठ दिवसांनी धाऊ आला. गेटवर त्याला आत घेतलं नाही. मी मशीनवर होतो. बाहेर गेलो नाही.

त्याच्या वाडीत जायला परवा सकाळी निघालो. धसईपर्यंत एसटी, पुढे जीप, पुढे पायी. धाऊ अंगणात सुतळी वळत बसला होता. म्हातारा झालाय, पण मला लगेच ओळखलं. उठला नाही. आत ओरडला :

"सकू, पानी आन गो. धाऊ आलाय."

सकुबाई बाहेर आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यो कंचा धाऊ?"

"वाशिंदचा. मी वाडीचा, ह्यो वाशिंदचा. बस रे धाऊ."

मी म्हणालो, "धाऊदा, मला तुला एक सांगायचं आहे."

"नको सांगू. मला ठाव हाय. मुकादमानं तव्हाच सांगितला."

"मग तू आला का नाहीस?"

"कशाला, तुला मारायला? मारायचा व्हता. भात लावायचा राहिला व्हता." सुतळीला पीळ घालत म्हणाला, "दोन वरसा शिव्या देलं तुला. रोज. मंग कंटालो."

मग त्यानंच विचारलं, "त्या मशिनीचा काय झाला?"

"भंगारात गेली."

"बरा झाला," म्हणाला. मग पुन्हा सुतळी वळायला लागला. मी निघायला उठलो तेव्हा म्हणाला, "बोलून झाला ना तुजा? झाला. आता पुना येव नको. आमी माफ नाय केला. आमी इसरलो व्हतो, तू आठवन देलास."

वाडीची कुत्री शेवटच्या घरापर्यंत माझ्यामागे भुंकत आली.

मी समितीला लिहून कळवलंय की माझा खरा अनुभव सोळा वर्षांचा आहे, आधीची सहा वर्षं धाऊ जैतू शिद यांची आहेत, आणि मी निदेशकाच्या अटीत बसत नाही. पोच घेतली आहे. तुझ्या दाखल्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. ते तुझं काम आहे. मी ते करून देणार नाही.

त्या दिवशी मी 'थांब' का नाही म्हटलं, ते लिहितो. शिकवताना मी तुला वीसदा थांब म्हटलं असतं. त्या दिवशी तू निदेशक होतीस आणि मी मदतनीस. मदतनीस थांब म्हणत नाही. हे मी ठरवून केलं. राग होता. अजून आहे. फक्त आता तो कुणावर ठेवायचा ते नीट समजत नाही.

शेखर


मुरबाड
११ नोव्हेंबर २०२४

मामा,

हे घरचं पत्र आहे, म्हणून मामा लिहिलंय.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी लिहून दिलं की माझा दाखला खोटा आहे. प्राचार्यांनी कागद वाचला आणि बोटानं माझ्याकडे परत सरकवला. म्हणाले, "असं लिहून देत नसतात, मॅडम. तब्येतीचं कारण लिहा आणि अर्ज मागे घ्या." मी टपालानं समितीला पाठवला. दिवाळीनंतर कॉलेज उघडलं तेव्हा वेळापत्रकात माझं नाव नव्हतं. शिपायानं माझ्याकडे स्टाफरूमची किल्ली मागितली. त्याचं नाव हनुमान आहे. सात वर्षांत मी ते पहिल्यांदा विचारलं.

साईनाथ निदेशक झाला. यादीवर त्याच्यापुढे 'अकरा वर्षे, यंत्रनिर्मिती' लिहिलंय. कुठला कारखाना, ते लिहिलेलं नाही. त्यानं लेथला हिरवा रंग दिला, फीत कापून फोटो काढला. दुसऱ्या वर्षाची रुपा मला एसटी स्टँडवर भेटली. म्हणाली, "मॅडम, मशीन तीन आठवडे चालूच नाय केली. सर बोलतात, रंग खराब होईल." मला हसू आलं आणि मग इतका संताप आला की मी तिथेच बाकावर बसले. आपण दोघं एकमेकांची वर्षं मोजत बसलो, आणि वर्गात उभा राहिला तो, ज्यानं कधी काहीच मोजलं नाही.

मी माफी मागत नाही. तुम्हीही मागू नका. तुम्ही 'थांब' म्हणायला हवं होतं, हे मी विसरणार नाही. सळई हातात धरून त्या माणसानं 'पाच वर्षं?' विचारलं, तो आवाज अजून कानात आहे.

पण विचारलं ते बरोबर होतं. मला आटे पाडता येत नाहीत. चाळीस-चाळीस पोरांना मी फळ्यावर आटे शिकवले, कोन काढून, सूत्र लिहून. सगळं बरोबर होतं. हात चुकला.

आई म्हणाली, शहापुरात नाशिक रस्त्यालगत एका छोट्या वर्कशॉपमध्ये तुम्ही पुन्हा टर्नर म्हणून लागलात. तिथे येऊ का? नोकरीसाठी नाही. शिकायला.

सरिता


शहापूर
१६ नोव्हेंबर २०२४

सरिता,

ये.

काही गोष्टी आधीच सांगतो. इथे मी नोकर आहे. मालक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे आणि मला 'वेखंडे' म्हणतो, नुसतं. लेथ एकच आहे, जुनी, तिचा पट्टा घसरतो. मशीन तुझ्या हातात लगेच मिळणार नाही. आधी लोखंडाचा कीस झाडावा लागेल, तेल द्यावं लागेल, आणि माझ्या डाव्या बाजूला उभं राहून ऐकावं लागेल. बघायचं नाही, ऐकायचं. मला ते तसंच शिकवलं होतं, आणि मी तुम्हाला तबकडी दाखवत बसलो, कारण तबकडी परीक्षेत विचारतात.

ओढणी घेऊन येऊ नकोस. केस घट्ट बांध. बांगड्या घरी.

चुकलीस तर मी ओरडेन, लोकांसमोर ओरडेन. तुलाही माझ्यावर ओरडायचं असेल तर मशीन बंद झाल्यावर ओरड.

किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. धाऊला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, पण त्यानं येऊ नको म्हटलंय.

आणि या दिवसांचा दाखला तुला कोणी देणार नाही. मीही नाही.

शेखरमामा